कान आणि शेपूट

सारजाबाईचा मला राग यायचा, हे आधीच सांगून टाकतो. कुणाबद्दल लिहायला बसलं की लोक पहिल्या ओळीतच त्या माणसाला देवघरात नेऊन बसवतात. मला ते जमणार नाही. बाई कामाला चोख होती, पण हळू होती, हट्टी होती, आणि तिच्याशी बोलताना आपणच अडाणी आहोत असं वाटायला लागायचं. बारामतीच्या बाजारात मोहनरावांची आडत होती, तिथं मी दिवाणजी होतो. त्यामुळं अडाणी वाटून घेणं मला परवडण्यासारखं नव्हतं.

आडतीमागं वखार होती. वखारीच्या दाराशी, उन्हाची तिरीप येईल अशा जागी सारजाबाई बसायची. पुढ्यात सुतळीचा गुंडा, पाण्याचा डबा आणि हातात दाभण. पोतं भरून काट्यावरून उतरलं की ते तिच्यापुढं यायचं. ती आधी पोत्याचा एक कोपरा मुठीत धरायची, त्यात थोडं धान्य राहू द्यायची आणि ओल्या सुतळीचे पाच वेढे आवळून त्याचा कान बांधायची. मग तोंडावरून चौदा टाके घालायची. मग दुसरा कान. मग गाठ, आणि त्या गाठीवर आणखी एक गाठ. उरलेली सुतळी अगदी बुडाशी कापून तुकडा कनवटीला लावायची. लोंबता दोरा तिला सहन व्हायचा नाही. "लोंबता ऱ्हायला की कुनीतरी वडतंच," असं ती म्हणायची.

ज्यांनी कधी पोतं उचललं नाही त्यांच्यासाठी सांगतो. शंभर किलोचं पोतं पाठीवर घेताना हमालाच्या हाताला लागतात ते हे दोन कान. बाकी सगळं पोतं म्हणजे नुसतं पोट. कान घट्ट असले तर पोतं पाठीला चिकटून बसतं, ढिले असले तर खाली घसरतं आणि माणसाला घेऊन जातं. आमच्या इंदापूरच्या दुकानातले हमाल ट्रकमध्ये चढून पहिल्यांदा कान चाचपायचे आणि म्हणायचे, "सारजाबाईचं हाय, घ्या बिनघोर."

हे तिला कुणी शिकवलं? तर मेंढरांनी. ती मूळची सुप्याकडची. बापाची मेंढरं होती, आणि लहानपण सगळं कळपामागं चालण्यात गेलेलं. वाटेत एखादी मेंढी व्याली की कोकराला चालता येत नाही. मग बाप घोंगडीच्या टोकांना लोकरीच्या दोऱ्यानं कान बांधायचा, झोळी करायचा, आणि कोकरू त्यात घालून खांद्याला अडकवायचा. ते कान बांधायचं काम पोरीकडं होतं. एकदा तिनं बांधलेला कान सुटला आणि कोकरू दगडावर पडलं. पुढं कळप गेला, जिरायती रान दुष्काळात ओस पडलं, लग्न होऊन बाई बारामतीला आली, पण ते कोकरू काही तिच्या डोक्यातून गेलं नाही. मी घाई केली की ती मान वर न करता म्हणायची, "कान सुटला तर कोकरू पडतं, दिवाणजी."

एकदा मी वैतागून म्हणालो, "अहो, यात कोकरू नाही, गहू आहे!"

"गहू आसंल. पर उचलनारा कुनाचं तरी कोकरूच हाय न्हवं?"

त्या वेळी उचलणारा समोरच उभा होता. तिचाच मुलगा, बिरदेव. सहा फूट उंच, मिशा राखलेला. कोकरू म्हटल्यावर बाकीचे हमाल खो खो हसले. तो बिचारा लाजून पोतं घेऊन चालता झाला.

दोऱ्याच्या बाबतीत बाई भारी चिकट होती. खताच्या गोणीचं तोंड उसवलं की निघणारा पांढरा दोरा ती कुणाला टाकू द्यायची नाही. त्याच दोऱ्यानं ती गोधडी घालायची. दसऱ्याला झेंडू ओवायची, बायकांच्या गळ्यातल्या तुटलेल्या पोतीचे काळे मणी ओवून द्यायची, हमालांच्या चपलांचे अंगठे शिवायची. माझ्या छत्रीची निघालेली काडीसुद्धा तिनंच एकदा जागेवर बसवून दिली. छत्री अजून आहे. हे मी कौतुकानं सांगतोय असं वाटत असेल, पण तेव्हा मला त्या बोटबोटभर तुकड्यांचा उबग यायचा. कोपऱ्यात, खुंटीवर, तराजूच्या साखळीला, जिकडं तिकडं तिचे दोरे.

शहाण्णव सालची गोष्ट. गव्हाचा हंगाम तोंडावर आला होता आणि मी कामानिमित्त पुण्याला गेलो होतो. तिथल्या एका वखारीत पोती शिवायचं मशीन पाहिलं. इस्त्रीएवढं, हातात धरायचं, वर पांढऱ्या दोऱ्याचा कोन. कर्रर्र आवाज झाला की पोत्याचं तोंड बंद. सारजाबाईचे दोन कान होईपर्यंत तिथं दहा पोती शिवून झाली. परतीच्या एसटीत माझ्या डोक्यात दुसरं काहीच नव्हतं. मोहनरावांच्या मागं लागलो, त्यांनी नको नको म्हणत हो म्हटलं, आणि पाडव्याच्या आधी मशीन आलं. आणलं मी. हे कुणी विसरू नये म्हणून त्या दिवसांत मी स्वतःच सगळ्यांना सांगत फिरत होतो.

बसवून द्यायला पुण्याहून एक मेकॅनिक आला होता. दोरा कसा ओवायचा, तेल कुठं घालायचं, सगळं त्यानं सांगितलं. जाता जाता म्हणाला, "शिवण संपली की मशीन थोडं पुढं चालवा. साखळीसारखा दोरा येईल, तो वीतभर राहू द्या. कापू नका." मी तेव्हा बिरदेवला वायर कुठून आणायची यावरून झापत होतो. मेकॅनिकचं बोलणं या कानानं ऐकलं आणि त्या कानानं सोडलं.

पहिलं पोतं मी स्वतः शिवलं. हमाल गोळा झाले. सारजाबाई उठून आली, पोत्याच्या तोंडावरून बोटं फिरवली, एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत गेली आणि परत आली.

"गाठ कुठाय?" तिनं विचारलं.

"मशीनला गाठ लागत नाही."

"गाठ न्हाय तर शिवण धरतीया कशावर?"

"विजेवर," कुणीतरी म्हणालं, आणि सगळे हसले. मीही हसलो.

बिरदेव हसला नाही. त्यानं पोतं उचलायला हात घातला आणि म्हणाला, "दिवाणजी, ह्येला कान न्हायत."

"मग? हातात बळ नाही का तुझ्या?"

त्यानं पोटाशी धरून पोतं उचललं. घसरलं, परत धरलं. मी तिकडं कानाडोळा केला. सारजाबाईला फाटकं बारदान ठिगळायला बसवलं. दिवसभर तिची नजर मशीनवर होती. मधे लाईट गेली की मशीन मुकं व्हायचं आणि सगळे तिच्याकडं बघायचे. ती दाभण घेऊन उठायची, दोन पोती कानांसकट शिवायची, तोवर लाईट यायची. त्या आठवड्यात असं पाच-सहा वेळा झालं. प्रत्येक वेळी मी मनातल्या मनात त्या लाईटला शिव्या घातल्या.

मग तो दिवस आला. इंदापूरला ऐंशी पोती गहू जायचा होता. सगळी पोती मशीनवर शिवली होती. ट्रक दारात होता. मोहनराव बघायला येणार होते, आणि त्यांना सगळं टापटीप लागायचं. मी थप्पीवरून नजर फिरवली तर प्रत्येक पोत्याला, शिवण संपते तिथं, मशीननं सोडलेलं पांढरं वीतभर शेपूट लोंबत होतं. ऐंशी शेपटं. नव्या मशीनची अशी गबाळी शिवण मालकांना दाखवायची म्हणजे माझंच नाक कापलं जाणार, असं मला वाटलं.

"सारजाबाई," मी म्हणालो, "ही शेपटं तेवढी कापून टाका."

लोंबता दोरा न खपणारी ती बाई. दुसऱ्या कुठल्या दिवशी सांगायची वेळसुद्धा आली नसती. पण तिनं एक शेपूट हातात धरलं, बोटांनी उलगडून पाहिलं आणि थांबली.

"दिवाणजी, कापू का? गाठ न्हाय ह्येला. हितनं सुटंल असं वाटतंय."

"ते मशीनचं आहे, सुटत नाही."

"मी म्हंते एक फोडून बघू का? एकच."

"भरलेलं पोतं फोडणार? मालक येताहेत!" माझा पारा चढला. "सांगितलं तेवढं करा. सुंभ जळला तरी तुमचा पीळ काही जायचा नाही."

मग तिनं कापली. आणि सारजाबाईनं कापायचं म्हणजे बुडाशी, अगदी पोत्याला लागून, साफ. ऐंशीच्या ऐंशी. मोहनराव आले, थप्पी बघून म्हणाले, "व्वा, दिवाणजी." ट्रक गेला. बाईनं खाली पडलेली शेपटं वेचून कनवटीला लावली. तिच्या सुनेचे दिवस भरत आले होते, घरी बाळासाठी गोधडी शिवायला घातलेली होती. तेवढाच दोरा.

बारामती-इंदापूर रस्ता तेव्हा उसाच्या गाड्यांनी आणि ट्रॅक्टरांनी पार उखणून टाकलेला होता. सणसर गेलं तोवर ठीक होतं. लासुर्ण्यात मागच्या एका सायकलवाल्यानं ओरडून ट्रक थांबवला. वरच्या थरातली पोती धक्क्याधक्क्यानं उसवत आली होती. कापलेल्या टोकाकडून साखळी सुटली की सुटत जाते, एखादं लुगडं फिटावं तशी. ड्रायव्हरनं पुढं निमगाव केतकीला जाऊन फोन केला तेव्हा तो हसत होता की रडत होता ते कळत नव्हतं. "दिवाणजी, सणसरपासून रस्ताभर बगा. बाया पदरात गहू गोळा करत्यात, शेरडं ट्रकमागं पळत्यात, आन माज्या ट्रकला वरात लागलीया!"

आणि त्याच क्षणी, फोन खाली ठेवायच्या आधी, मेकॅनिकचे शब्द आठवले. वीतभर राहू द्या. कापू नका. सगळं स्पष्ट आठवलं. म्हणजे ऐकलं होतं मी.

संध्याकाळी मोहनरावांनी वखारीत सगळ्यांना उभं केलं. पुण्याला फोन करून त्यांनी कारण काढलं होतं. मेकॅनिक त्यांना म्हणाला होता की कापू नका म्हणून सांगितलं होतं. कुणाला ते मालकांनी विचारलंच नाही. त्यांच्या डोक्यात उत्तर तयार होतं. मशीन आलं, बाईचं काम गेलं, बाईनं डाव साधला. सुतावरून स्वर्ग गाठायला त्यांना एवढं पुरे होतं.

"शेपटं कुणी कापली?"

सारजाबाई पुढं आली. "म्या कापली, मालक."

"कुणी सांगितलं?"

आता सांगतो तो क्षण. ती माझ्याकडं वळली. फार वेळ नाही, सुईत दोरा ओवायला लागतो तेवढा वेळ. तिच्या नजरेत विनवणी नव्हती, रागही नव्हता. ती नुसती वाट बघत होती. मला फक्त दोन शब्द बोलायचे होते: मी सांगितलं. मी काट्याची वजनं एकावर एक रचायला लागलो. ती आधीच रचलेली होती.

"कुनी न्हाय," ती म्हणाली. "म्याच कापली."

"आणि ती शेपटं?"

तिनं कनवटीतून दोऱ्याची गुंडी काढली. दुपारच्या सुटीत बसून तिनं तुकड्याला तुकडा गाठला होता. ती गुंडी बघितल्यावर मोहनरावांची पक्की खात्री पटली. "बघा, जपून ठेवलीत! अठरा वर्षं मीठ खाल्लं ना माझं?" त्यांनी गुंडी घेऊन अंगणात भिरकावली. ती भुसकटात जाऊन पडली.

बिरदेव पुढं सरसावला. तिनं त्याला हातानं मागं सारलं. मग ती अंगणात गेली, खाली बसली, गुंडी उचलली, तिला लागलेलं भुसकट झटकलं आणि सैल झालेला दोरा पुन्हा गुंडाळून घेतला. सावकाश, नेहमीसारखं. आम्ही सगळे बघत होतो. गुंडाळून झाल्यावर ती उठली आणि निघून गेली. दाभण आणि पाण्याचा डबा दाराशी तसाच राहिला.

शेपटं पोत्यांची कापली गेली, पण शेपूट घातलं मी. हे वाक्य मी गेली कित्येक वर्षं मनात घोळवतोय. त्या रात्री बायकोला सांगितलं तेव्हा ती म्हणाली, "सकाळी जाऊन मालकांना सांगा." सकाळी मालक बाहेरगावी गेले होते. दुसऱ्या दिवशी त्यांचं डोकं दुखत होतं. तिसऱ्या दिवशी मला वाटलं, आता सांगितलं तर म्हणतील, तीन दिवस काय झोपला होतात? असं करता करता हंगाम संपला.

मशीन पुढं चांगलं चाललं. शेपूट ठेवलं की शिवण सुटत नाही, एवढं सोपं होतं ते. पण कान गेले ते गेले. हमालांनी लोखंडी आकडे आणले. आकड्यांनी पोती फाटायची, फाटलेली पोती ठिगळायला कुणी नव्हतं, आणि त्यावरून मालक मला बोलायचे. इंदापूरचे हमाल निरोप पाठवायचे, "बारामतीचे कान कुटं गेले?" बिरदेव पावसाळ्यापर्यंत टिकला. तेवढे महिने तो माझ्याशी एक शब्द बोलला नाही. पोतं काट्यावर असं आपटायचा की शब्दाची गरजच पडू नये. मग एक दिवस तोही आला नाही. आई, बायको आणि तान्ही लेक घेऊन सुप्याला गेला म्हणे. बारामतीत तिला कुणी कामावर घेईना. बाजारात बातमीला पाय फुटतात. पोती फोडणारी बाई, असं तिचं नाव झालं होतं.

आणि मी? मला मालकांनी त्या दिवाळीला धोतरजोडी दिली. मशीन आणल्याबद्दल. ती मी कधी नेसलो नाही, पण परतही केली नाही. माझ्या चिडचिडीला घरचेही कंटाळले होते. छत्री उघडली की मी चिडायचो.

दोन वर्षांनी सुप्याच्या आठवडी बाजारात गेलो होतो, मालकांच्या कामासाठी. कांद्याच्या ढिगांपलीकडं, बाभळीच्या सावलीत ती दिसली. पुढ्यात सुतळी, पाण्याचा डबा. शेतकरी ज्वारीची पोती आणून टाकत होते आणि ती शिवत होती. तोच कोपरा, तीच मुरड, तेच पाच वेढे. शेजारी गोधडी अंथरलेली, आणि तिच्यावर दीड-दोन वर्षांची पोर सुतळीच्या गुंड्याशी खेळत होती. पाय परत फिरत होते. पण तिनं बघितलं.

"दिवाणजी का? बसा की."

मी बसलो. पोरीचं नाव विचारलं. "सुकन्या," ती म्हणाली. बिरदेवचं विचारलं. तो बागायतीकडं भाजीपाल्याच्या गाडीवर जातो म्हणाली. मालक बरे आहेत का, असं तिनंही विचारलं. मला तिचं ते बरं बोलणं सहन होईना. शिव्या दिल्या असत्या तर बसायला सोपं गेलं असतं. मी खाली बघितलं, तर गोधडी दिसली. जुन्या लुगड्यांची, निळी. टाके सगळीकडं निळ्या दोऱ्याचे, आणि एका कडेच्या चार ओळी तेवढ्या पांढऱ्या. त्या पांढऱ्या ओळींत वीत-वीतभर अंतरावर बारीक गाठ होती. मी हात लावून बघितलं. एकही गाठ सैल नव्हती.

"सारजाबाई," मी म्हणालो. "त्या दिवशी माझं नाव का घेतलं नाही?"

तिनं सुतळी पाण्यात बुडवली, निथळली, दाभणात ओवली. मला वाटलं ती म्हणेल, तुमची लेकरंबाळं होती, नोकरी होती. दोन वर्षं मी स्वतःला तेच सांगत आलो होतो. बाईनं आपल्यावर दया केली, आपल्याला झाकलं.

"घ्येतलं आसतं," ती म्हणाली, "तर तुमी न्हाय म्हनला असता. मग चारचौघांत मी खोटी पडले असते. म्या कापली, येवढं तरी खरं व्हतं."

मी तोंड उघडलं. नाही, मी कबूल केलं असतं, असं म्हणणार होतो. शब्द जिभेपर्यंत आले होते. ती वाट बघत होती, त्या दिवशीसारखीच, सुईत दोरा ओवायला लागतो तेवढा वेळ. मग तिनं पुढचं पोतं ओढलं, त्याचा कोपरा माझ्या हातात दिला आणि म्हणाली, "आलाच हायसा तर ह्यो कान धरा. घट्ट."

मी धरला.